तळहाताचा रंग

शारजा, इंडस्ट्रियल एरिया तेरा.
रात्रीचे दोन. बाहेर ऑगस्ट काचेला चिकटलेला,
आत एसी इतका की मी शाल घेऊन बसते
आणि पडद्यावर नायकांना रंग देते.

परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचे कॉमिक्स इथे छापतात,
स्वस्त पडतं म्हणून.
गोऱ्या नायकासाठी फाइलीत सात छटा तयार येतात:
पहाटेचा गोरा, रागावलेला गोरा, पाण्याखालचा गोरा.
काळ्यासाठी एकच.
काळी शाई पंचावन्न टक्के, वर थोडा निळा.
ओलं सिमेंट.

आमच्याकडे या एका रंगाला किती शब्द आहेत.
काळाशार डोह, काळेभोर केस,
कुळकुळीत म्हैस, काळाकभिन्न कातळ.
माणसावर आलं की मात्र आमचीही जीभ अडते.
वडिलांनी माझ्या स्थळासाठी लिहून दिलं होतं, गव्हाळ.
मिरजेच्या कुठल्या शेतात असा गहू पिकतो
ते मला अजून कळलेलं नाही.

तर हा नायक. माझा सगळ्यात आवडता.
वीज मुठीत धरतो, कोसळता पूल खांद्यावर घेतो.
तुरुंगात जन्मला,
अंक तीनमध्ये जंगलात, कारण लेखक बदलला.
मनगटाला तुटलेली साखळी. ती कुणी काढतच नाही,
जणू दागिना.
बोलतो तो एक तर राजासारखा
नाहीतर गल्लीतल्या गुंडासारखा.
जेवताना मीठ मागायला त्याने कधी तोंड उघडलेलं नाही.
बाविसाव्या पानावर तो मरतो,
म्हणजे तेविसाव्यावर दुसऱ्याला चिडता येतं.
वर्षभरात मी त्याला तीनदा मारलंय,
प्लेट काढून, खाली सही करून.

गेटवर किझ्झा असतो. युगांडाचा.
जुळ्यांच्या पाठीवर जन्मला म्हणून हे नाव.
मशीन लागताना वाया जाणारे कागद तो मागून नेतो,
मुलीला पाठवायला, म्हणतो.
आधी स्वतः वाचतो, उलटे, तिरपे,
एकावर एक दोनदा छापलेले.
परवा करक चहाचा कप पुढे करत त्याने विचारलं,
हिंदीत, जी आम्हा दोघांचीही नाही,
"ये घर कब जाता है?"

मी फाइल उघडली. बत्तीस पानं.
गच्ची होती, प्रयोगशाळा होती, धूर तर पानोपानी.
दार नव्हतं.

म्हटलं, मग साधाच माणूस हवा का तुला?
पाळीवर जाणारा, तुझ्यासारखा, माझ्यासारखा?
तो एवढा हसला की टोपी पडली.
"नहीं मॅडम. उडने दो. खूब उडने दो.
बस, बाद में घर पे उतरने दो."

दार काढणं माझ्या हातात नाही, मी चित्रकार नाही.
टक्के माझ्या हातात आहेत.

आज प्रूफ घेऊन गेटवर गेले.
पिवळ्या दिव्याखाली, विचारायची लाज वाटत होती,
तुझा हात जरा या कागदाशेजारी धरशील?
"कौनसी तरफ से?" म्हणाला,
आणि पालथा हात उताणा केला.

तेव्हा लक्षात आलं.
आमचा नायक उघड्या हाताने गोळ्या अडवतो,
चौदा चौकटींत,
आणि तळवाही त्याच सिमेंटचा.
रंगवणाऱ्याने असा हात
कधी हातात घेतलाच नसेल.

काळी अठरावर आणली. मॅजेंटा चढवला, पिवळा चढवला,
कपाळावर सायन एवढासा, चांदणं पडल्यासारखा.
मग तळवे, एकेक करून, वेगळे.
पहाट झाली. सुपरवायझर थंपी विचारेल,
तर सांगेन, शाईचा दोष होता.
खोटं नाही ते.

बाविसाव्या पानावर तो आजही मेला.
पडताना हात उताणा पडला
आणि तळव्यावर रेषा दिसल्या.
चित्रकाराने त्या आधीच काढलेल्या होत्या,
करड्यात बुडाल्या होत्या इतकंच.
आयुष्याची, चांगली लांब,
मनगटापर्यंत गेलेली.